डिझाइन सॉफ्टवेअरचे महागडे अपग्रेड: डिझायनरांची तक्रार नेमकी काय आहे?

६ मे २०१३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे भरलेल्या आपल्या परिषदेत ॲडोबी कंपनीने एक घोषणा केली. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे एकदाच पैसे भरून विकत मिळणार नाहीत. त्या हव्या असतील, तर दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी भरावी लागेल. जगभरातल्या व्यावसायिक डिझायनरांनी याला जोरदार विरोध केला. हजारो लोकांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या. कंपनीने निर्णय बदलला नाही.

बाहेरच्या माणसाला यात एक प्रश्न पडतो. धंद्याचे हत्यार महाग असणारच, त्यावर कमाईही होते, मग एवढी चरफड कशासाठी? याचे उत्तर फक्त किमतीत शोधले तर सापडत नाही. सुताराने करवत बदलली तरी आधी केलेले टेबल जागेवर उभे राहते. डिझायनरचे मात्र तसे नाही. त्याने वर्षानुवर्षे केलेले काम त्या विशिष्ट सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये असते आणि ते पुन्हा उघडायला तेच सॉफ्टवेअर लागते. म्हणून अपग्रेडचा खर्च नव्या सोयींसाठी जितका असतो, तितकाच जुन्या कामापर्यंत पोहोचण्यासाठीही असतो. ही तक्रार कशी वाढत गेली, ते या लेखात पाहू.

अपग्रेड, अपडेट आणि परवाना

आधी तीन शब्द स्पष्ट करून घेऊ. सॉफ्टवेअर आपण 'विकत घेतो' असे म्हणत असलो, तरी मिळतो तो वापराचा परवाना. तो कायमचा असेल तर एकदा पैसे भरून ती आवृत्ती हवी तितकी वर्षे वापरता येते. त्या आवृत्तीतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी कंपनी जे देते ते अपडेट. ते सहसा फुकट असते. नवी आवृत्ती म्हणजे अपग्रेड. त्याचे वेगळे पैसे पडतात. जुन्या ग्राहकाला अपग्रेड नव्या ग्राहकापेक्षा स्वस्तात मिळे.

२००३ साली ॲडोबीने आपली प्रमुख सॉफ्टवेअर 'क्रिएटिव्ह सूट' या नावाने एकत्र विकायला सुरुवात केली. त्यानंतर २००५ मध्ये सीएस २, २००७ मध्ये सीएस ३, २००८ मध्ये सीएस ४, २०१० मध्ये सीएस ५, २०११ मध्ये सीएस ५.५ आणि २०१२ मध्ये सीएस ६ अशा आवृत्त्या आल्या. म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांनी नवे बिल तयार. सीएस ६ च्या वेळी अमेरिकेत फोटोशॉपची किंमत ६९९ डॉलर होती आणि अपग्रेडची १९९ डॉलर. छपाईचे काम करणाऱ्यांसाठी असलेला 'डिझाइन स्टँडर्ड' संच १,२९९ डॉलरला, तर सगळी सॉफ्टवेअर असलेला 'मास्टर कलेक्शन' २,५९९ डॉलरला मिळे.

या पद्धतीत डिझायनरच्या हाती एक गोष्ट होती. नव्या आवृत्तीत कामाचे काही दिसले नाही, तर ती सोडून देता येई. अनेक जण एकाआड एक आवृत्ती घेत. धंदा मंदावला तर अपग्रेड पुढे ढकलता येई आणि काम अडत नसे.

नको असले तरी घ्यावे का लागते?

अपग्रेड ऐच्छिक होते, ते कागदावर. व्यवहारात चार गोष्टी डिझायनरला त्याकडे ढकलतात.

पहिली म्हणजे फाइल. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते, पण जुनी आवृत्ती नवी फाइल उघडत नाही. इनडिझाइनच्या बाबतीत ही अडचण ठळक आहे. नव्या आवृत्तीत केलेले पुस्तक जुन्या आवृत्तीकडे पाठवायचे तर ते आयडीएमएल या वेगळ्या स्वरूपात साठवावे लागते, आणि तसे करूनही मांडणी हलण्याची शक्यता असते. त्यामुळे जाहिरात संस्थेने किंवा प्रेसने नवी आवृत्ती घेतली, की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येक फ्रीलान्सरला ती घ्यावी लागते.

दुसरी म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली. ॲपलने २००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली. सीएस २ त्यांच्यासाठी लिहिलेले नव्हते. ते 'रोझेटा' नावाच्या दुभाष्या प्रणालीमार्फत चाले. २०११ मधल्या मॅक ओएस लायनमध्ये ॲपलने रोझेटा काढून टाकली आणि सीएस २ बंद पडले. २०१९ मधल्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणे थांबवले आणि सीएस ६ वापरणाऱ्यांची तीच गत झाली. सॉफ्टवेअर बिघडले नव्हते, त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती.

तिसरी म्हणजे यंत्रसामग्री. जुना संगणक बंद पडला, की नव्यावर नवी कार्यप्रणाली येते आणि तिच्यावर जुने सॉफ्टवेअर चालेलच असे नाही. उलट, नवे सॉफ्टवेअर जास्त मेमरी आणि चांगले ग्राफिक्स कार्ड मागते. त्यामुळे एका खर्चामागून दुसरा येतो.

चौथी म्हणजे शिकण्याचा वेळ. मेनू बदलतात, शॉर्टकट हलतात, जुने प्लग-इन चालेनासे होतात. पानामागे किंवा कामामागे पैसे घेणाऱ्या माणसाचा हा वेळ कोणत्याही बिलात लागत नाही.

क्वार्कचा धडा

डिझायनर नाराज झाले म्हणून बाजारपेठ उलटल्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १९९० च्या दशकात मासिके आणि वृत्तपत्रांच्या मांडणीत क्वार्कएक्सप्रेसचे राज्य होते. ॲपलने २००१ मध्ये मॅक ओएस टेन ही नवी कार्यप्रणाली आणली. २००२ मध्ये आलेले क्वार्कएक्सप्रेस ५ तिच्यासाठी तयार केलेलेच नव्हते. ती सोय २००३ मध्ये सहाव्या आवृत्तीत आली. दरम्यान, २००२ च्या सुरुवातीलाच ॲडोबीचे इनडिझाइन २ नव्या मॅकवर चालू लागले होते. महाग आवृत्त्या आणि ग्राहकांकडे दुर्लक्ष यांना कंटाळलेले डिझायनर इनडिझाइनकडे वळले. पुढे ते फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरसोबत एकाच संचात मिळू लागल्यावर हा ओघ आणखी वाढला.

हे घडू शकले, कारण जायला दुसरी जागा होती. नंतर ती जागा आक्रसत गेली. २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडिया ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. तिचे फ्रीहँड हे इलस्ट्रेटरच्या तोडीचे सॉफ्टवेअर होते. २००७ मध्ये त्याचा विकास थांबल्याचे जाहीर झाले. फ्रीहँडच्या वापरकर्त्यांच्या एका गटाने २०११ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ॲडोबीवर दावाही लावला. तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. फ्रीहँड मात्र परत आले नाही.

२०११ ते २०१३: नियम बदलले

नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने अपग्रेडचा नियम कडक केला. तोवर तीन आवृत्त्या मागे असलेल्या ग्राहकालाही सवलतीत अपग्रेड मिळे. नव्या नियमाप्रमाणे सीएस ६ साठी ही सवलत फक्त सीएस ५ किंवा ५.५ असणाऱ्यांनाच मिळणार होती. सीएस ३ वा ४ वापरणाऱ्याला पुन्हा नव्याने पूर्ण किंमत भरावी लागली असती. फोटोशॉप शिकवणारे प्रसिद्ध लेखक स्कॉट केल्बी यांनी कंपनीला जाहीर पत्र लिहून या निर्णयाला आणि त्याच्या वेळेला आक्षेप घेतला. जानेवारी २०१२ मध्ये कंपनी थोडी नमली आणि सीएस ३ व ४ च्या ग्राहकांना २०१२ अखेरपर्यंत सवलत मिळाली.

मे २०१२ मध्ये सीएस ६ बरोबरच 'क्रिएटिव्ह क्लाउड' ही वर्गणीची योजना सुरू झाली. तेव्हा दोन्ही मार्ग खुले होते. वर्षभरात त्यातला एक बंद झाला. सीएस ६ काही काळ विकले जात राहिले, पण त्यापुढची आवृत्ती डब्यात आली नाही.

हिशेब कोणाला परवडला?

२०१३ मध्ये सगळ्या सॉफ्टवेअरची वर्गणी वर्षभराच्या करारावर महिना ४९.९९ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ६०० डॉलर होती. २,५९९ डॉलरच्या मास्टर कलेक्शनशी तुलना केली तर ५२ महिन्यांनी रक्कम सारखी होते. ज्याला व्हिडिओपासून वेबपर्यंत सगळे लागते आणि जो प्रत्येक आवृत्ती घेतो, त्याला वर्गणी स्वस्त पडली. नव्याने धंद्यात येणाऱ्यालाही एकदम मोठी रक्कम उभी करावी लागत नाही, हा फायदाच.

फक्त छपाईचे काम करणाऱ्याचे गणित वेगळे. त्याचा संच १,२९९ डॉलरचा. २६ महिन्यांत वर्गणी तेवढी होते आणि पुढे चालूच राहते. ज्याला एकटे फोटोशॉप लागते, तो पूर्वी दर दोन वर्षांनी १९९ डॉलरचे अपग्रेड घेई. एका सॉफ्टवेअरची वर्गणी महिना १९.९९ डॉलर धरली, तर त्याच दोन वर्षांचे जवळपास ४८० डॉलर होतात. जुन्या ग्राहकांना पहिल्या वर्षी सवलत होती, आणि फोटोग्राफरांच्या विरोधानंतर सप्टेंबर २०१३ मध्ये फोटोशॉप व लाइटरूम मिळून ९.९९ डॉलरची योजना आली. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनवर पोट असणाऱ्यांना तसे काही मिळाले नाही.

किंमत स्थिरही राहिली नाही. जून २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत सर्व सॉफ्टवेअरच्या योजनेचे नाव बदलून 'क्रिएटिव्ह क्लाउड प्रो' झाले आणि दर महिना ६९.९९ डॉलरवर गेला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी वाढवल्या होत्या. ज्यांना त्या नको होत्या, त्यांची तक्रार तीच जुनी होती: मागितले नाही त्याचे पैसे का?

कंपनीची बाजू

कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. डब्याच्या पद्धतीत नवी सोय तयार असली तरी पुढच्या आवृत्तीपर्यंत ती अडवून ठेवावी लागे, आणि विक्रीसाठी दर खेपेला काहीतरी दिखाऊ घालण्याचा मोह होई. वर्गणीत सुधारणा तयार होताच देता येतात. चोरीच्या प्रतींना काहीसा आळा बसतो. आणि कंपनीला नियमित उत्पन्न मिळते. हे शेवटचे कारण आकड्यांत स्पष्ट दिसते. ॲडोबीची वार्षिक उलाढाल २०१२ मध्ये सुमारे ४४० कोटी डॉलर होती. बदलाच्या वर्षी, २०१३ मध्ये, ती सुमारे ४०६ कोटींवर घसरली. २०२४ मध्ये ती सुमारे २,१५० कोटी डॉलरवर पोहोचली. या उलाढालीत कंपनीचे इतर व्यवसायही आहेत, पण मोठा वाटा वर्गणीचाच आहे.

वर्गणीनंतरच्या नव्या तक्रारी

अपग्रेडचे बिल गेले, पण आपल्या कामावर दुसऱ्याचा ताबा असल्याची भावना वाढली. त्यामागे काही घटना आहेत.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ॲडोबीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली. सुमारे ३ कोटी ८० लाख सक्रिय खाती त्यात सापडली. मे २०१४ मध्ये लॉग-इनची यंत्रणा एक दिवसाहून अधिक काळ बंद पडली. मे २०१९ मध्ये क्रिएटिव्ह क्लाउडच्या काही जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना, त्या वापरण्याचा अधिकार आता राहिलेला नाही, असे कळवण्यात आले. म्हणजे वर्गणी चालू असूनही, आपल्याला सवयीची आवृत्ती ठेवण्याची मुभा गेली.

नोव्हेंबर २०२२ मधली पँटोनची घटना छपाईवाल्यांना जास्त झोंबली. पँटोन ही रंगांना ठरावीक क्रमांक देणारी कंपनी. तिच्या क्रमांकामुळे एकच लाल रंग कोणत्याही प्रेसमध्ये सारखा छापता येतो. ॲडोबी आणि पँटोन यांच्यातली व्यवस्था बदलली, आणि पँटोनची बहुतेक रंगपुस्तके ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमधून काढली गेली. ती हवी असतील तर पँटोनची वेगळी वर्गणी भरायची. जुन्या फोटोशॉप फाइल उघडल्यावर त्या रंगांच्या जागी काळा रंग दिसल्याच्या तक्रारी आल्या. जानेवारी २०२३ पासून ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टाइप १' हे जुने फॉन्टही चालेनासे झाले. डिझायनरांनी ते फॉन्ट पूर्वी पैसे मोजून घेतले होते.

वर्गणी सोडणेही सोपे नाही. 'वर्षाचा करार, दरमहा भरणा' या योजनेत पहिल्याच वर्षी मध्येच बाहेर पडले, तर उरलेल्या महिन्यांच्या निम्मी रक्कम द्यावी लागते. महिना ५९.९९ डॉलरची योजना चार महिन्यांनी सोडली, तर सुमारे २४० डॉलरचा भुर्दंड. ही अट ग्राहकांपासून झाकून ठेवली, असा आरोप करत अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारला.

एकाच सॉफ्टवेअरचे दर देशागणिक वेगळे असणे हीही जुनी तक्रार आहे. ऑस्ट्रेलियात तर संसदेच्या समितीने मार्च २०१३ मध्ये ॲडोबी, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांना बोलावून जाब विचारला. इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या वस्तूला वाहतूक खर्च नाही, मग ऑस्ट्रेलियात ती महाग का, असा प्रश्न होता.

मराठी अक्षरजुळणीची वेगळी अडचण

मराठी पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका यांचे काम करणाऱ्यांसाठी या गोष्टीला आणखी एक पदर आहे. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली. तरीही मराठी छपाईत ती पुढे कितीतरी वर्षे टिकली. याला केवळ कंजुषी म्हणणे बरोबर नाही.

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते, पण दिसते व्यंजनाआधी. रफार पुढच्या अक्षरावर चढतो, जोडाक्षरे आकार बदलतात. युनिकोडमधल्या मजकुरात ही जुळणी सॉफ्टवेअरने करायची असते आणि जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नव्हती. म्हणून श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणाली वापरल्या जात. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पानावर मराठी दिसे, पण फॉन्ट बदलला की फक्त रोमन अक्षरांची खिचडी उरे.

अशा प्रकाशकाला अपग्रेड म्हणजे केवळ सॉफ्टवेअरची किंमत नव्हे. जुन्या पुस्तकांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा, बिघडलेली जोडाक्षरे शोधायची आणि सगळी प्रुफे पुन्हा वाचायची. २०१२ मध्ये इनडिझाइन सीएस ६ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांची जुळणी अधिकृतपणे आली. म्हणजे मराठी माणसाच्या उपयोगाची आवृत्ती आली, आणि एकदाच पैसे भरून मिळणारी तीच शेवटची ठरली.

भारतात वर्गणीवर १८ टक्के जीएसटीही लागतो. नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला त्याची वजावट मिळू शकते, घरून काम करणाऱ्या लहान डिझायनरला सहसा मिळत नाही. मग अनेक जण चोरीच्या प्रतीकडे वळतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशा प्रतीतून व्हायरस आला, तर ज्या फाइल वाचवायच्या होत्या त्याच जातात.

पर्याय कोणते?

गिम्प, इंकस्केप, क्रिटा आणि स्क्रायबस ही मुक्त सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि त्यांचा परवाना कोणी काढून घेऊ शकत नाही. ब्रिटनमधल्या सेरिफ कंपनीने २०१४ पासून 'अफिनिटी' ही सॉफ्टवेअर एकरकमी, सुरुवातीला सुमारे ५० डॉलरला विकली आणि वर्गणीला कंटाळलेल्यांनी ती उचलून धरली. २०२४ मध्ये कॅनव्हाने ही कंपनी घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अफिनिटी फुकट केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींना मात्र कॅनव्हाची वर्गणी लागते. कोरलड्रॉची एकरकमी खरेदी महाग असली तरी आपल्याकडच्या फ्लेक्स आणि पत्रिकांच्या धंद्यात ते रुळलेले आहे.

पर्याय निवडताना दोन गोष्टी आधी तपासा. तुमच्या प्रेसला लागणारी सीएमवायके पीडीएफ त्यातून नीट निघते का, आणि 'विद्यार्थी', 'स्त्री', 'ऱ्हस्व', 'ट्रॅक्टर' हे शब्द युनिकोडमध्ये बरोबर उमटतात का.

आपल्या हातात काय आहे?

सॉफ्टवेअर कोणतेही असो, काही सवयींमुळे डिझायनरचा हात दगडाखाली सापडत नाही:

- काम संपले की मूळ फाइलबरोबर छपाईची पीडीएफ आणि फॉन्ट व चित्रांसह पूर्ण पॅकेज साठवा.
- इनडिझाइनची प्रत्येक महत्त्वाची फाइल आयडीएमएलमध्येही ठेवा. बोधचिन्हे एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये ठेवा.
- पुस्तकाचा शेवटचा, तपासलेला मजकूर युनिकोडमध्ये साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेगळा ठेवा. पुढच्या आवृत्तीच्या वेळी प्रुफांचा खर्च वाचतो.
- पँटोन रंग वापरला असेल तर त्याचा क्रमांक आणि सीएमवायके आकडे लिहून ठेवा.
- वर्गणी घेताना योजना महिन्याची आहे की वर्षाच्या कराराची, ते वाचा आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.
- ग्राहकाला दर सांगताना सॉफ्टवेअरचा महिन्याचा खर्च त्यात धरा. तो पदरमोड करून भरायचा खर्च नाही.

सॉफ्टवेअर कंपनीने किंमत किती ठेवावी, हे डिझायनर ठरवू शकत नाही. पण वर्गणी थांबली त्या दिवशी आपले जुने काम उघडेल की नाही, हे बऱ्याच अंशी तो आज फाइल कशी साठवतो यावर ठरते.